तेत्ता घरी आहे का?

१

जे नाव अख्ख्या जगात एकाच घराच्या चार भिंतींत बोललं गेलं होतं, ते बुधवारी सकाळी एका परक्या माणसाने हेटीच्या कानात घातलं.

तेव्हा तिला त्याचा पत्ताही नव्हता. ती पिल्हीसाठी, म्हणजे बेटावरच्या भाजक्या वड्यांसाठी, केळी कुसकरत होती, कोपरापर्यंत हात बरबटले होते, आणि फोन वाजला. महिन्याभरातला हा पाचवा.

"गुड मॉर्निंग! मिस्टर टेटा घरी आहेत का?"

"टेटा नाही आणि बटाटाही नाही," हेटी म्हणाली. "कोण बोलतंय? आणि हा नंबर तुम्हाला दिला कोणी?"

पलीकडचा पोरगा गडबडला, काहीतरी 'खास सवलत' म्हणाला आणि फोन ठेवून मोकळा झाला.

फोनवर हेटीला टाळायचं म्हणजे धाडसच. एकतीस वर्षं तिने ऑस्ट्रेलियाजवळच्या नॉरफोक बेटाच्या टेलिफोन एक्स्चेंजात काढली होती. कोणाचं कोणाशी जमलंय आणि कोणाचं फाटलंय हे तिला आधी कळायचं, त्या नवरा-बायकोला नंतर. पण तिच्या तोंडून त्यातला एक शब्द कधी बाहेर पडला नाही. बेटाच्या फोनच्या वहीत ती 'हॅलोबाई' म्हणूनच छापलेली आहे. इथे आडनावं मोजून दहाबारा, तीच सगळ्यांनी वाटून घेतलेली, तेव्हा टोपणनावं छापल्याशिवाय कोण कुठला ते सापडतच नाही. गोंद, भोपळा, दोन-कोंबड्या अशी माणसं तिथे ओळीने बसलेली असतात. हेटीला ती वही तोंडपाठ होती, आणि टेटा नावाचा माणूस तिच्यात नव्हता.

पिल्ही भाजून झाल्यावर ती फडक्यात गुंडाळून हेटी मर्टलकडे निघाली. रस्त्यात गाई आडव्या बसल्या होत्या, त्यांची मर्जी होईपर्यंत थांबली. समोरून आलेल्या प्रत्येक गाडीला बेटाच्या रिवाजाप्रमाणे स्टिअरिंगवरचं बोट उचलून रामराम केला. मर्टल क्विंटल तिची शाळेपासूनची मैत्रीण. गेले चौदा महिने तिला हसवणं हे हेटीने स्वतःला लावून घेतलेलं काम होतं आणि त्यात तिला अजून एकदाही यश आलेलं नव्हतं. तरी तिने टेटा-बटाट्याचा किस्सा मीठमसाला लावून सांगितला.

मर्टलने चालू नळ बंद केला.

"तुझ्याकडेही आला?" ती म्हणाली. "माझ्याकडे नऊ वेळा आलाय. कोणाला सांगितलं नाही मी."

"पण हा टेटा आहे तरी कोण?"

"टेटा नाही गं. तेत्ता." तो शब्द उच्चारताना मर्टलचा आवाज इतका मऊ झाला, की हेटीला एकदम भीती वाटली. "लहानपणी त्याला स्वतःचं नाव म्हणता यायचं नाही. लेस्टर म्हणायला गेला की तेत्ता व्हायचं. सात वर्षांचा झाला तेव्हा त्याने आम्हाला शपथ घातली, घराबाहेर हे नाव काढायचं नाही म्हणून. आम्ही नाही काढलं. तुझ्यापाशीसुद्धा नाही."

लेस्टर तिचा एकुलता एक मुलगा. चौदा महिन्यांपूर्वी होडी घेऊन मासे धरायला गेलेला आणि परत न आलेला.

"मग तूच सांग," मर्टल म्हणाली. "त्याच्याशिवाय हे नाव कोणाला देईल कोण?"

२

नोव्हेंबरातला शनिवार होता. बेटाला बंदर नाही. धक्क्यावरची क्रेन होडी उचलते आणि पाण्यात सोडते. बापाचा खांदा धरला होता म्हणून लेस्टर त्या दिवशी एकटाच गेला. क्रेनच्या आकड्यातून होडी सुटली तेव्हा नेहमीसारखी दोन बोटं तोंडात घालून त्याने शिट्टी मारली. त्या शिट्टीवरून तो बेटाच्या वहीत 'शिट्टी' झाला होता. चौथ्या दिवशी विमानातून होडी दिसली. इंजिनाचं झाकण उघडं होतं, पाने आणि पकड बाकावर ओळीने मांडलेले होते. माणूस नव्हता.

सरकारी कागद झाले. दगड बसवायचा राहिला, कारण मर्टल दफनभूमीच्या रस्त्यालाही जायला तयार नव्हती. लेस्टरबद्दल बोलताना ती 'होता' म्हणत नसे. लेस्टरला लिंबू आवडतं, लेस्टर डाव्या कुशीवर झोपतो, असंच बोलायची, आणि ऐकणारे खाली बघायचे.

आता ती हेटीला आतल्या खोलीत घेऊन गेली. पलंगावर बॅग उघडी होती. वर लेस्टरचा निळा स्वेटर.

"शनिवारचं विमान," मर्टल म्हणाली. "तो फोनवाला ब्रिस्बेनहून बोलतो. मी काढून घेतलं त्याच्याकडून. लेस्टरला डोक्याला मार लागला असेल, काही आठवत नसेल. माणसाला सगळं विसरलं तरी पहिलं नाव आठवतं की नाही?"

"मर्टल, अगं हे विक्रीचे फोन. यांना नावं हजारांनी विकत मिळतात."

"पण विकणाऱ्याकडे आलं कुठून?"

 हेटीने दुसरंच विचारलं, "तू त्या पोराला काय काय सांगितलंस?"

"तो विचारेल ते. जन्मतारीख. बुटाचं माप. बँक कुठली. डाव्या हातावरचा व्रण मी आपणहून सांगितला, उपयोगी पडेल म्हणून." मर्टल स्वेटरची घडी पुन्हा घालू लागली. "बोलत राहिले नाही तर तो फोन ठेवतो गं."

 आयुष्यभर दुसऱ्यांची गुपितं हेटीने छातीशी धरून ठेवली होती, आणि इथे एक आई आपलं पोर तुकड्या-तुकड्याने अनोळखी माणसाच्या पदरात टाकत होती.

मागचं दार वाजलं. ऑब्रे आला होता, मर्टलचा नवरा. आडनाव क्विंटल आणि अंगावर मांस पाव किलोही नाही. तरुणपणी आठ वर्षं शेजारच्या नुमेआच्या फ्रेंच बोटींवर राबून आला, तेव्हापासून सगळे त्याला 'फ्रेंचा' म्हणत. अजून कॉफी वाडग्यातून प्यायचा. त्याच्या मासळीच्या शेडपुढे फळ्यावरचा भाव वाचून रोज एक तरी टुरिस्ट भांडायचा.

त्याने बॅग बघितली. "शनिवारी?"

"शनिवारी," मर्टल म्हणाली. "तेत्ताला आणायला."

ऑब्रेचा हात टोपीकडे गेला. कॉफीचा वाडगा तसाच ठेवून तो आल्या पावली बाहेर पडला.

"बघितलंस?" मर्टल म्हणाली. "चौदा महिन्यांत या माणसाने पोराचं नाव घेतलेलं नाही. एकदाही नाही. याने तर त्याला कधीच पुरून टाकलाय."

हेटीने तिचे दोन्ही हात धरले. "शनिवारच्या आत मी शोधून काढते ते नाव कोणी दिलं. तोवर त्या फोनवाल्याला अवाक्षर सांगायचं नाही."

"आणि लेस्टरनेच दिलेलं निघालं तर?"

"तर तुझी बॅग मी विमानापर्यंत उचलून नेईन."

३

हे फोन नेहमी सकाळी दहालाच यायचे, म्हणून गुरुवारी दहाला पाच कमी असताना हेटी फोनशेजारी खुर्ची ओढून बसली. दहाच्या ठोक्याला घंटी वाजली.

"मिस्टर टेटा आहेत का?"

"मिस्टर टेटांचं ऑफिस," हेटी एक्स्चेंजातल्या आवाजात म्हणाली. निवृत्त होताना तिने तो आवाज नीट घडी घालून ठेवला होता. अजून एक सुरकुती पडली नव्हती. "जोडून देते. आधी नोंदीसाठी तुमचं नाव, आणि साहेबांचा नंबर कुठल्या कागदावरून घेतला ते सांगा."

"कोल, मॅडम. पण कागदाचं मला सांगता येणार नाही. ग्राहकाची माहिती खासगी असते."

हेटीने डोळे मिटून घेतले. बुटाच्या मापापासून व्रणापर्यंत सगळा लेस्टर ज्यांच्यापुढे उघडा पडला होता, ते तिला खासगीपणा शिकवत होते.

"अगदी बरोबर, कोल. असंच काटेकोर राहावं. फक्त मला फाईल काढायची आहे, आणि साहेबांच्या फाईली ढीगभर. बक्षिसाची, वर्गणीची, विम्याची..."

"बक्षिसाची," कोल म्हणाला. बिचारा नवा असावा. "होडीचं इंजिन जिंका. कार्डं बरीच दिसतात. पहिलं गेल्या मार्चमधलं."

"आणि नाव कसं म्हणालात?"

"टेटा. इथे तसंच लिहिलंय."

हेटीने आभार मानून फोन ठेवला आणि वर्तमानपत्राच्या कडेला लिहायला घेतलं. पोरगा 'टेटा' म्हणतो, 'तेत्ता' नाही. म्हणजे त्याच्या कंपनीला हे नाव कोणी बोलून सांगितलेलं नाही, ते कागदावरून वाचलेलं आहे. फोनच्या वहीतून उचललं असतं तर 'शिट्टी' आलं असतं. मग तिने दोन नंबर एकाखाली एक मांडले. मर्टलच्या नंबराचे शेवटचे आकडे चार, एक, सहा. तिच्या स्वतःच्या नंबराचे चार, सात, सहा. बाकी सगळं सारखं. कार्डं एकाची, आणि फोन कधी या घरी, कधी त्या घरी. छापील आकडा असा डळमळत नाही. कोणाच्या तरी हाताने लिहिलेला एक आकडा ब्रिस्बेनला कोणाला एक दिसत होता, कोणाला सात.

शेवटी तिने 'मार्च' लिहिलं आणि पेन्सिल तिथेच थांबली. होडी रिकामी सापडली नोव्हेंबरात. त्यानंतर चार महिन्यांनी कोणीतरी स्वतःच्या हाताने ते नाव लिहायला बसलं होतं.

४

फोनची वही जुळवायची ती रोविना. लेस्टरशी तिचं लग्न ठरलं होतं, एप्रिलमध्ये व्हायचं होतं. बेटावरचा प्रत्येक नंबर तिच्या टेबलावरून जातो, हे हेटीच्या ध्यानात होतं. तिच्याकडे जाताना हेटीला स्वतःचीच लाज वाटत होती, पण ती गेली.

"ते नाव मला माहीत होतं, हेटीमावशी," रोविनाने लपवलं नाही. "त्याने एकदाच सांगितलं होतं. मी हसले, तर दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. परत कधी काढलं नाही मी ते."

"कुठे लिहिलंस? एखाद्या कार्डावर वगैरे?"

"माझ्यावर संशय घेतेस?" रोविनाचे डोळे भरले, पण जीभ शाबूत होती. "मग पोलिसासारखं विचार ना. हातात बेड्या घाल, शेजारणींना जरा करमणूक होईल."

"मर्टलचा नंबर लिहून दाखव."

रोविनाने फणकाऱ्याने लिहिला. एकचा आकडा म्हणजे सरळ काडी. आंधळ्यालाही सात वाटला नसता. हेटीने कागद खाली ठेवला आणि तिच्या पाठीवर हात फिरवला.

जरा वेळाने रोविनाच म्हणाली, "तुला एक सांगू? यंदाच्या वहीत शिट्टी नाहीये."

"विसरलीस?"

"विसरेन मी? ऑब्रेकाका आले होते. टोपी हातात घेऊन इथे उभे होते. म्हणाले, शिट्टीची ओळ काढून टाक. मी म्हटलं, मर्टलमावशीला विचारलंत का? तर म्हणाले, तिच्यासाठीच काढ. आणि मी काढली गं. माझ्याच बोटाने काढली."

हेटी बाहेर आली तेव्हा रागाने तिचे कान तापले होते. मर्टल म्हणाली ते खरंच होतं तर. या माणसाने पोराला पुस्तकातूनसुद्धा घालवून दिलं होतं. संशयितांच्या यादीत तिने ऑब्रेचं नाव घातलंच नव्हतं. आता तर ते घालायचं काही कारणही उरलं नव्हतं.

५

इंजिनाच्या बक्षिसाची पेटी बेटावर एकाच ठिकाणी होती, धक्क्याजवळ गोंदच्या दुकानात. डिझेल, दोर, गळ, आमिष सगळं तिथेच मिळायचं. गिऱ्हाईक हातातून सुटू देत नाही म्हणून तो गोंद.

"मला काय विचारतेस, हॅलोबाई?" तो म्हणाला. "डिझेल भरलं की मी कार्ड देतो. लोक लिहितात, पेटीत टाकतात. पेटी शुक्रवारच्या विमानाने जाते. पुढचं देव जाणे."

"खाली बारीक अक्षरात काय छापलंय ते वाचलंस कधी?"

"मुंगीला चष्मा दिला तरी वाचता येणार नाही ते."

हेटीने पर्समधून भिंग काढलं. "'आपली माहिती आमच्या निवडक सहकाऱ्यांना देण्यास आपली संमती आहे.' ऐक! निवडक म्हणे! अख्खा ऑस्ट्रेलिया निवडलाय यांनी."

"तरीच," गोंद हळूच म्हणाला. "आमच्या म्हातारीला छपराच्या पन्हळी विकायला रोज कोणीतरी फोन करतं."

"पेटी उघड."

"छे छे. लोकांची खासगी माहिती आहे."

हेटीने त्याच्याकडे नुसतं बघितलं. एकतीस वर्षांत गोंदने कोणाकोणाला फोन केले होते हे त्या नजरेत मावलेलं असावं, कारण तो किल्ली घेऊन आला.

ऐंशीएक कार्डं होती. दोघं काउंटरवर उलटी-सुलटी करत बसले. साठाव्याच्या आसपास हेटीचा हात थांबला. पेन्सिलीने लिहिलेली मोठी अक्षरं, कार्डाचा कोपरा ओला होऊन फुगलेला. नावापुढे तेत्ता. आडनाव नाही. खाली मर्टलचा नंबर, आणि तारीख.

तारीख याच सोमवारची होती.

हेटीने तारीख पुन्हा वाचली. म्हणजे ते नाव लिहिणारा ब्रिस्बेनमध्ये नव्हताच. तीन दिवसांपूर्वी तो इथे उभा होता, या दुकानात, या पेटीपुढे. आणि एक क्षण, अगदी एकच क्षण, हेटीनेही विश्वास ठेवला. तिला वाटलं आता धक्क्यावरून शिट्टी ऐकू येईल.

"सोमवारी डिझेल कोणी कोणी नेलं?" तिने विचारलं.

"सोमवारी? अख्खा धक्काच होता की. समुद्र चांगला होता त्या दिवशी."

तिने भिंग कार्डावर धरलं. नंबरात चारच्या पुढे एक उभी रेघ होती, आणि तिच्या डोक्यावरून मागे उतरणारी एक लांब तिरकी रेघ. हवं तर एक म्हणा, हवं तर सात. असा आकडा तिने कुठेतरी बघितला होता, नेहमी बघत होती. कुठे, ते आठवलं आणि तिने कार्ड पर्समध्ये टाकलं.

६

शुक्रवारी दुपारी मासळीच्या शेडपुढे एक टुरिस्ट हुज्जत घालत होता.

"सात मासे म्हणून लिहिलंय तुम्ही. सात! आणि देताय एक?"

"एकच लिहिलंय," ऑब्रे म्हणाला. "सात कसा असतो माहितेय? सातच्या पोटात आडवी रेघ असते."

"कुठल्या देशात?"

"नुमेआत," हेटी मागून म्हणाली. "घ्या तो एक मासा आणि जा. ट्रम्पेटर आहे, ताजा आहे."

टुरिस्ट गेल्यावर तिने कार्ड तराजूच्या पारड्यात ठेवलं. पारडं हललंसुद्धा नाही. ऑब्रेने ते बघितलं, हात एप्रनला पुसले, पुन्हा पुसले, मग खोक्यावर बसला.

"पेन्सिलीने लिहिलंस, हात ओले असतात म्हणून," हेटी म्हणाली. "आणि एक लिहिलास तो असा. फ्रेंच्या, हे तू काय केलंस? ती उद्या विमानात बसतेय."

"मला माहीत नव्हतं गं. फोन सकाळी येतात, मी तेव्हा इथे असतो. बुधवारी ती म्हणाली तेव्हा कळलं मला."

"दोन दिवस झाले बुधवारला! तोंड शिवलं होतं तुझं?"

ऑब्रेने पारड्यातलं कार्ड सरळ केलं. मग म्हणाला, "बक्षीस कशाचं आहे वाचलंस ना?"

"इंजिनाचं."

"त्याने मागितलं होतं. त्याच वर्षी, ऑगस्टात. म्हणाला, बाबा, जुनं आता भरवशाचं राहिलं नाही, मध्येच बसतं. मी म्हटलं, अजून एक हंगाम निघेल. तुला काय कळतं, म्हटलं." त्याने आपल्या हातांकडे बघितलं. "झाकण उघडं होतं ना होडीत. पाने बाकावर मांडलेले. मी शिकवलं होतं तसे मांडलेले, लहानापासून मोठ्यापर्यंत. किती वेळ खटपट केली असेल त्याने, हेटी? एकट्याने?"

 हेटी दुसऱ्या खोक्यावर बसली.

"मार्चमध्ये ही पेटी आली," ऑब्रे म्हणाला. "गोंदने कार्ड हातात दिलं. मी काही ठरवलं नव्हतं. त्याच्या नावाने भरलं. मग दर वेळी भरत गेलो. वेडेपणा आहे, कळतं मला. लागलं असतं तर काय करणार होतो त्या इंजिनाचं?"

"पण हेच नाव का?"

"दुसरं कुठलं होतं माझ्याकडे? लेस्टर हे नाव सरकारी कागदावर मी सही करून देऊन आलो. शिट्टी वहीतून काढून आलो. मर्टल रोज सकाळी वही उघडून, लेस्टर वेगळा राहायचा त्या खोपटातल्या फोनचा नंबर फिरवायची. नंबर पाठ होता तिला, तरी वही उघडायची, बोट ठेवायची आणि फिरवायची. तिकडून ती रेकॉर्डवरची बाई सांगायची, हा नंबर अस्तित्वात नाही. रोज. मला बघवेना, म्हणून ओळच काढली." त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मग उरलं ते एकच होतं."

बाहेर क्रेन करकरत होती. हेटीला बुधवारपासूनचा आपला सगळा राग आठवला आणि तो आता ठेवायला कुठे जागा सापडेना.

"तिला सांगावं लागेल," ती म्हणाली.

"नाव मी लिहिलं हे सांगेन. पण मग का लिहिलं ते विचारेल ती. इंजिनाचं तिला माहीत नाही." ऑब्रेने पहिल्यांदा तिच्याकडे वर बघितलं. "जाऊ दे ना तिला ब्रिस्बेनला. चार दिवस शोधेल. परवा बुधवारी ती स्वयंपाक करताना गुणगुणत होती, हेटी."

"आणि चार दिवसांनी?"

ऑब्रेने कार्ड पारड्यातून उचललं आणि एप्रनच्या खिशात ठेवलं.

७

शनिवारी विमान दुपारचं होतं. साडेनऊला मर्टल टोपी घालून तयार बसली होती, बॅग दाराशी. हेटी आली, आणि तिच्या मागून ऑब्रे. त्याने अंघोळ केली होती, कॉलरचा शर्ट घातला होता.

"बॅग उचलायला आलीस?" मर्टलने विचारलं. ती हसत होती. चौदा महिने हेटी ज्या हसण्यासाठी जिवाचं रान करत होती, ते हसू आज समोर होतं, आणि हेटीला ते बघवत नव्हतं.

ऑब्रेने कार्ड टेबलावर ठेवलं. मर्टलने ते वाचलं. आधी नाव वाचलं, मग नंबर, आणि नंबरातल्या त्या आकड्यावर तिचं बोट थांबलं. चाळीस वर्षांचा संसार. तिला भिंग लागलं नाही.

"हे तू लिहिलंस," ती म्हणाली.

"सगळी मीच लिहिली."

मग त्याने इंजिनाचं सांगितलं. काही गाळलं नाही. अजून एक हंगाम निघेल, हे स्वतःचं वाक्यसुद्धा जसंच्या तसं सांगितलं. मर्टल ऐकत राहिली. तिने टोपी काढली, टेबलावर ठेवली, टोपीवरची फीत सरळ केली. ती रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं हेटीला वाटत राहिलं.

"मला वाटलं होतं तू विसरलास त्याला," मर्टल शेवटी एवढंच म्हणाली. त्यात माफी होती का, हे हेटीला सांगता आलं नसतं. बहुधा नव्हती. अजून तरी नव्हती.

आणि फोन वाजला. दहा वाजले होते.

तिघंही जागच्या जागी बसून राहिले. पाचव्या घंटीला ऑब्रे उठला. त्याला कमी ऐकू येतं म्हणून त्या फोनचा आवाज मोठा केलेला होता. पलीकडचा कोल स्वयंपाकघरभर ऐकू आला.

"गुड मॉर्निंग! मिस्टर टेटा घरी आहेत का?"

"तेत्ता," ऑब्रे म्हणाला. चौदा महिन्यांत पहिल्यांदा. "तेत्ता म्हणतात त्याला. मी बाप बोलतोय त्याचा." त्याने श्वास घेतला. "तेत्ता गेला."

"बरं, बरं," कोल उत्साहाने म्हणाला. "मग परत केव्हा येतील?"

ऑब्रेने रिसीव्हर कानापासून दूर धरला.  हेटी उठायला लागली, पण मर्टल तिच्या आधी उठली होती. ती नवऱ्याला खेटून उभी राहिली आणि रिसीव्हरकडे तोंड करून स्पष्ट म्हणाली, "येणार नाही."

 कोलचा आवाज बदलला. "सॉरी, मॅडम. मला माहीत नव्हतं. मी... मग यादीतून नाव काढून टाकू का?"

ऑब्रेने मर्टलकडे बघितलं. एकदा एक ओळ त्याने तिला न विचारता काढली होती. मर्टलने दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे बघितलं, कितीतरी वेळ बघितलं, आणि होकाराची मान हलवली.

"काढा," ऑब्रे म्हणाला.

"स्पेलिंग एकदा सांगता का? चुकून दुसरं कोणी निघायला नको."

"टी," ऑब्रे म्हणाला. "ई. टी..." आणि त्याला पुढे जाता येईना.

"टी, ई, टी. पुढे?"

"अजून एक टी," मर्टल म्हणाली. तिने रिसीव्हर धरलेल्या त्याच्या हातावर आपला हात ठेवला होता. "आणि मग ए."

"आणि आडनाव?"

"नाही," मर्टल म्हणाली. "एवढंच नाव होतं त्याचं."